बोर्डावर छत्तीस नंबर

साडेदहा वाजतायत. हातात दंड घेतलेला चोपदार दारातून आत येतो, त्याच्यामागून दोन न्यायमूर्ती, आणि मुंबई हायकोर्टातली ही गच्च भरलेली खोली उभी राहते. माझ्या शेजारचे आजोबा अर्धे उठून परत टेकतात. गुडघे ऐकत नाहीत. गावाकडून रात्रीच्या एस.टी.नं आलेत. तलावात गेलेल्या जमिनीचा मोबदला अडकलाय. समोरची पार्टी म्हणजे सरकार.

‘‘जजसायबांना पगार कोन देतंय?’’ ते माझ्या कानाशी येतात.

‘‘सरकारी तिजोरीच.’’

त्यांचा चेहरा उतरतो. मी घाईघाईनं पुढचं सांगतो. हा खर्च राज्याच्या संचित निधीवर भारित असतो. विधानसभेत त्यावर बोलता येतं, मत टाकता येत नाही. एकदा नेमणूक झाली की पगार कमीही करता येत नाही.

‘‘म्हंजे अडकवता येत न्हाई,’’ आजोबा म्हणतात आणि भिंतीला पाठ टेकतात. घटनेतली ही तरतूद इतक्या चटकन समजलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

नेमणुकीचं ते विचारत नाहीत, हे बरंच. तिथं माझी जीभ अडखळली असती. न्यायिक नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला, आणि नावं सुचवण्याचं काम न्यायाधीशांच्याच कॉलेजियमकडे राहिलं. पण फाइल शेवटी दिल्लीत सरकारच्या टेबलावरूनच जाते आणि तिथं महिनोन्‌महिने पडून राहते. नाही न म्हणता अडवायचं कसं, हे सरकारी टेबलाला कुणी शिकवायला नको. आजोबांना तर ते माझ्याहून जास्त माहीत आहे.

आणि हे डोक्यावरचं छप्पर? इमारत 1878 ची. जागा केव्हाच अपुरी पडलीय. नव्या संकुलासाठी वांद्रे पूर्वेची जमीन मिळायची ती राज्य सरकारकडूनच. तिचं घोंगडं इतकं भिजत पडलं, की 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून त्यात लक्ष घालावं लागलं. ज्याला रोज इथं जाब विचारायचा, जागाही त्याच्याचकडे मागायची.

‘‘छत्तीस!’’

सहायक सरकारी वकील उठतात. तरुण बाई आहेत, हातात जेमतेम चार कागद. इथलं सगळं इंग्रजीत. आजोबा नुसते ओठांकडे बघतायत.

‘‘खात्याकडून इन्स्ट्रक्शन्स आलेल्या नाहीत, माय लॉर्ड. दोन आठवडे मिळावेत.’’

‘‘मागच्या तारखेलाही हेच सांगितलंत.’’ पान उलटल्याचा आवाज. ‘‘मंगळवारपर्यंत शपथपत्र. ते नसेल तर रक्कम कोर्टात भरा.’’

सदतीस नंबर पुकारलासुद्धा.

‘‘झालं?’’ आजोबा विचारतात. मी मंगळवार म्हणतो. ते पिशवीतून एस.टी.चं जुनं तिकीट काढतात, भाडं बघतात, परत ठेवतात.

बाहेर व्हरांड्यात त्या वकीलबाई खांबाला टेकून मोबाइलवर बोलतायत. ‘‘साहेब, मंगळवार म्हणजे मंगळवार... नाही हो, मला नाही सांगता येणार त्यांना... अहो, कशी सांगू? ते काय आपल्या खात्यातले आहेत का?’’