वीज जमिनीत, पण फक्त ट्रामच्या पोटाखाली

फ्रान्समधल्या बोर्दो शहरातली जुनी ट्राम १९५८ मध्ये बंद पडली आणि रस्ते मोटारींनी भरत गेले. पुढे भुयारी मेट्रोचा बेत झाला, पण पाणथळ जमीन आणि न पेलणारा खर्च यांमुळे १९९४ मध्ये तो गुंडाळावा लागला. पुढच्याच वर्षी महापौर झालेल्या आलँ झ्युपे यांनी ट्रामच परत आणायची असं ठरवलं. पेच विजेचा होता. अठराव्या शतकातल्या पिवळसर दगडी इमारतींसमोर आणि कॅथेड्रलच्या चौकात खांब नि तारांचं जाळं नको होतं.

उरला मार्ग जमिनीचा. तोही नवा नव्हता. त्याच्या शंभरेक वर्षं आधी युरोपातल्या काही शहरांनी ट्रामसाठी रस्त्यात धातूची बटणं बसवली होती. ट्राम पुढे गेली तरी एखाद्या बटणात वीज राहून जाई आणि वरून जाणाऱ्या घोड्याला जबर झटका बसे. बोर्दोत तर माणसं रुळांवरूनच ये-जा करणार होती आणि दाब होता ७५० व्होल्टचा.

यावर निघालेला तोडगा मला फार आवडतो, कारण त्यातली सुरक्षितता गाडीच्या लांबीवरच उभी आहे. दोन रुळांच्या मधोमध, रस्त्याशी सपाट अशी तिसरी पट्टी असते. ती सलग नसते: ८ मीटर वाहक, मग ३ मीटर विद्युतरोधक, पुन्हा ८ मीटर वाहक. दर २२ मीटरवर पुरलेली एक पेटी असे दोन वाहक तुकडे सांभाळते. गाडीखालचा अँटेना सांकेतिक रेडिओ संदेश पाठवतो आणि पेटी तेवढ्याच तुकड्यात वीज सोडते. संदेश तुटला की वीज बंद. गाडी तीस मीटरहून लांब असल्याने चालू तुकडा कायम तिच्या पोटाखाली झाकलेला राहतो. चार पावलं पुढे पट्टीवर मूल उभं असेल, तर त्याच्या पायाखाली वीज नसतेच. वीज घेणारे संकलकही दोन. एक रोधक भागावर आला तरी दुसरा काम चालू ठेवतो. जुनं शहर संपलं की थांब्यावर गाडी छतावरचा पँटोग्राफ उचलते आणि नेहमीच्या तारेवर चालू लागते.

डिसेंबर २००३ मध्ये पहिली मार्गिका सुरू झाली आणि डोकेदुखीही. पेट्यांमध्ये पाणी शिरे, तुकडे बंद पडत, गाड्या खोळंबत. हे सुधारलं नाही तर तारा टाकू, असा इशारा झ्युपे यांना द्यावा लागला. दुरुस्त्या झाल्या, पद्धत टिकली आणि रँस, आंजे, ऑर्लेआँ या शहरांनीही ती घेतली.

नीसने २००७ मध्ये वेगळी वाट धरली: दोन चौकांपुरती गाडी बॅटरीवर. छोट्या अंतराला ते पुरतं. पण लांब मार्गावर, वातानुकूलनाचा भार ओढत जायचं तर वीज सतत मिळणं सोयीचं. म्हणूनच २०१४ मध्ये सुरू झालेली दुबईची ट्राम अख्खी याच जमिनीतल्या पट्टीवर धावते, हे मला अगदी रास्त वाटतं.