साताऱ्याच्या शाळेपासून लवादापर्यंत

7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. पुढे लंडनला बॅरिस्टर झाले. ती वाट आपण पुढे न्यायची आहे.

परदेशी कंपनी आणि सरकार यांचे भांडण बहुधा लवादापुढे, म्हणजे करारानुसार नेमलेल्या पंचांपुढे जाते. 2001 मध्ये दाभोळचा वीजप्रकल्प बंद पडला, तेव्हा असेच दावे उभे राहिले. निवाडा सरकारविरुद्ध गेला की भरपाई जनतेच्या पैशातून जाते. तिथे बाजू मांडणारा वकील आपल्या घरातलाही हवा.

साताऱ्यात आणि सांगलीत विधी महाविद्यालये आहेत. बारावीनंतर पाच वर्षांत वकील होता येते. परदेशी उच्च शिक्षणासाठी नवबौद्धांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. पालकांना आम्ही एवढेच विनवतो, मुलांचे इंग्रजी आजपासून पक्के करा. मुलीलाही मागे ठेवू नका.