घरातल्या सायकलीचा वेग खरा किती?

मैत्रिणींनो, आपल्या वऱ्हाडात होळी झाली की सकाळी आठलाच ऊन अंगावर येतं. त्यातून चाळिशीतली बाई सायकल घेऊन रस्त्यावर निघाली की चार खिडक्या उघडतात! म्हणून शुगर किंवा वजनासाठी डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, की हल्ली घरातच सोय होते. मुलीची जुनी सायकल, तिच्या मागच्या चाकाला टेकलेल्या रोलरचा स्टँड (यालाच ट्रेनर म्हणतात) आणि पुण्याहून मुलानं पाठवलेलं स्पोर्ट्स वॉच. सगळं असतं, पण आकडा जुळत नाही.

आमच्या महिला मंडळातल्या एक वहिनी परवा वैतागून म्हणाल्या, ‘‘अवं ताई, अर्धा तास पायडल मारलं, घामानं न्हाली, अन् घड्याळ म्हणते तू कुठीच गेली नाही!’’ घरातले हसले आणि वहिनींनी सायकल माळ्यावर टाकायचं ठरवलं. मला हे फार लागलं. मोठ्या मुश्किलीनं स्वतःसाठी काढलेला अर्धा तास एका शून्यापायी जायचा म्हणजे काय?

आमच्या कौंडण्यपुरातून आषाढीला रुक्मिणीमातेची पालखी पायी पंढरपूरला जाते. तिथे हिशोब सरळ, जितकं चाललं तितकी वाट मागे पडली. घड्याळही मोकळ्या रस्त्यावर असंच मोजतं. उपग्रहाच्या खुणेवरून तुम्ही किती सरकलात ते बघतं. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये, विसाव्या वर्षी, सायकलवर सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिच्या चाकाखाली रस्ता होता. आपण मात्र स्लॅबखाली, एकाच जागी बसलेल्या! घड्याळाला आपण हललेलो दिसतच नाही.

उपाय सोपा आहे. घड्याळात घरातल्या सायकलीचा, म्हणजे ‘इनडोअर’ प्रकार निवडायचा आणि चाकाचे फेरे मोजणारा छोटा स्पीड सेन्सर जोडायचा. तो ब्लूटूथवर किंवा ‘अँट प्लस’वर चालतो. आपलं घड्याळ यातलं काय घेतं ते आधी विचारा. स्वस्तातली बरीच घड्याळं असा सेन्सर घेतच नाहीत, मग पैसे वाया. आणि सेन्सर बसवायचा मागच्या चाकाला. पुढचं चाक ट्रेनरवर फिरत नाही, हे सांगायला नको, पण बसवणारा मुलगा घाईत असला की नेमकं तेच होतं.

आता खरी मेख. घड्याळ फेरे मोजतं आणि त्याला चाकाच्या घेरानं गुणतं. घेर चुकला की सगळंच चुकलं. समजा, घड्याळात घेर २१० सेंटीमीटर धरलेला आहे आणि तुमची सायकल लहान, दीड मीटर घेराची. चाक २० किलोमीटरएवढं फिरलं तर घड्याळ २८ दाखवणार! घेर मोजायला शिलाईचा टेप पुरतो. हवा भरायचा वॉल्व्ह अगदी खाली आणून जमिनीवर खडूची खूण करा, कुणाला तरी सायकलवर बसवून चाकाचा एक पुरता फेरा सरळ पुढे न्या, वॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी खूण. मधलं अंतर तो घेर. साध्या २६ इंची चाकाचा साधारण २०७ सेंटीमीटर भरतो. घड्याळ तो मिलिमीटरमध्ये मागतं, म्हणजे २०७०. टायरमध्ये हवा रोज सारखी ठेवा आणि रोलर दर वेळी तितकाच घट्ट दाबा, नाहीतर आजचा आकडा कालच्याशी ताडून बघता येणार नाही.

इतकं करूनही जो वेग दिसतो तो चाकाचा, तुमच्या मेहनतीचा नव्हे. घरात वारा नाही, चढ नाही. चिखलदऱ्याचा घाट ताशी आठच्या वेगानं चढणारीचा जीव जितका मेटाकुटीला येतो, तितका घरात हलक्या रोलरवर पंचविसातही येत नाही. जिममधल्या जागच्या सायकलीचा मीटर तर कंपनीनं ठरवलेल्या ठोकताळ्यावर चालतो. शेजारणीचे तीस आणि आपले अठरा, ही तुलना करूच नका.

माझं मत विचाराल तर वेगाआधी वेळ आणि नाडी बघा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. नाडी नीट यायला घड्याळ मनगटाच्या हाडाच्या जरा वर, घट्टसर बांधा. बांगड्यांमुळे ते सरकतं आणि नाडी भलतीच दाखवतं, म्हणून तेवढा वेळ त्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारा किंवा उतरवून ठेवा. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच कमी राहते. त्या चालू असतील तर घड्याळातल्या रंगीत पट्ट्यांवर जाऊ नका, आपली नाडी किती चालेल ते डॉक्टरांनाच विचारा.