पगारातून कापलेले ११३ रुपये

पगाराच्या चिठ्ठीवर ‘ई.एस.आय.’ अशी एक छोटीशी कपात असते. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या कामगारांना तिच्याविषयी विचारले, तर ‘कापतात काहीतरी, डॉक्टर’ एवढेच उत्तर मिळते. खाडा नको म्हणून आजार अंगावर काढणारेही हेच असतात. म्हणून आज औषधाऐवजी या कपातीविषयी.

कर्मचारी राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत सुरू झाली. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेले कामगार तिच्यात येतात. जुलै २०१९ पासून कामगाराचा पाऊण टक्का कापला जातो आणि मालक स्वतःचे सव्वातीन टक्के भरतो. पंधरा हजार पगारावर कामगाराचे ११३ रुपये, तर मालकाचे ४८८! ही बचत नव्हे. सर्वांच्या पैशाची ही एक थैली आहे. ज्याच्यावर वेळ येते, त्याच्या ती कामी येते.

मिळते काय? कामगाराला व कुटुंबाला उपचार मिळतातच. शिवाय सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या ठरलेल्या सहामाहीत आजारपणाच्या रजेत ७० टक्के पगार मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पंधरा हजारवाल्याला दिवसाला सुमारे ३५० रुपये! बाळंतपणात पात्र महिलेला २६ आठवडे पूर्ण पगार मिळतो. कामावर अपघात झाल्यास बरे होईपर्यंत ९० टक्के मिळतात. त्याला वर्गणीच्या दिवसांची अट नाही.

क्षयाचे रुग्ण ‘रोज बुडतो’ म्हणून गोळ्या अर्धवट सोडताना मी पाहतो. अशाने औषधाला दाद न देणारा क्षय होतो आणि घरच्यांनाही लागण होते. क्षयासह ३४ दीर्घ आजारांत, दोन वर्षे नोकरी व ठरलेली वर्गणी झाली असेल, तर ८० टक्के पगार दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. त्या घरात चूल पेटती राहिली, तरच गोळ्या पूर्ण होतात.

तेव्हा वाचकहो, तीन गोष्टी करा. आपला दहा आकडी विमा क्रमांक मागून घ्या. त्यावर पत्नी-मुलांची व अवलंबून असलेल्या आईवडिलांची नावे नोंदवा. कापलेले पैसे खरोखर भरले जातात का, याची चौकशी करा. कापून न भरणे हा गुन्हा आहे. आणि आजारी पडलात, तर पहिल्याच दिवशी विम्याच्या डॉक्टरांकडून दाखला घ्या. दाखल्याशिवाय रजेचा पैसा मिळत नाही.