पहिल्या आठवड्याचा काटा

जेवण आवरतं घेतलं की पहिल्याच आठवड्यात वजन कधी दीड-दोन किलोंनी उतरतं आणि आपण हरखतो. पण त्यात बरंचसं पाणीच असतं. यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर आधी खर्च होते, तिनं धरून ठेवलेलं पाणीही जातं. चरबी सावकाश उतरते. आठवड्याला अर्धा किलो म्हणजे पुष्कळ.

तिसऱ्या आठवड्यात काटा अडला की आपण घाबरून रात्रीचं जेवणच सोडतो. मग शेतात चक्कर येते. तसं नको. पाळीच्या आधीही अंगात पाणी साचून वजन वाढलेलं दिसतं. म्हणून आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी वजन करू. भाकरी एखादी कमी करू, पण उसळ, पालेभाजी ताटात ठेवू. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या किंवा मधुमेहाची गोळी घेणाऱ्या बाईनं मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.