हैदराबाद, मुंबई आणि मधलं परभणी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. बरोबर महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवून उपांत्य फेरी गाठली. संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. चारपैकी तीन गोल मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाचे. ज्या राज्यातून आपण आलो तिथला गुरू आणि ज्या राज्यात गेलो तिथला खेळाडू! फुटबॉलच्या इतिहासात परभणीचं नाव शोधून सापडायचं नाही, पण त्या विजयावर आपला दोन्हीकडून वारसा लागतो, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

माझे आजोबा निजामाच्या काळात उर्दू माध्यमात शिकलेले. रहीमसाहेबांचं नाव ते गुरुजींचं घ्यावं तसं घेत. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ होतं. ‘असा फुटबॉल आता होणे नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यातलं अर्धं मला मान्य आहे. तसे खेळाडू पुन्हा होणं अवघड. पण खेळ म्हणून विचाराल, तर तो आजचाच चांगला. आपण खेळाडूंचं थोरपण त्यांच्या काळाच्या नावावर जमा करतो, तिथे हिशेब चुकतो.

आजोबांची सर्वांत लाडकी गोष्ट जकार्ताची. १९६२ची आशियाई स्पर्धा. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला थायलंडविरुद्ध मार बसला, टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला बचावातून काढून आघाडीला खेळवलं. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ हरवलं, आणि त्यातला एक गोल या टाके घातलेल्या माणसाचा होता. ऐकताना अंगावर काटा यायचा, अजूनही येतो. पण वय वाढलं तसा त्या काट्यात धाक मिसळला. दुसरा मार त्याच जागी बसला असता तर? आज डोक्याला लागलं की पंच खेळ थांबवतात, डॉक्टर धावत येतात, बदली खेळाडू अंग मोकळं करू लागतो. त्यात शौर्य कमी झालं असं मला वाटत नाही.

१९६६च्या विश्वचषकात पोर्तुगालच्या खेळाडूंनी पेलेला लाथा घालून जायबंदी केलं. बदली खेळाडूची सोयच नव्हती. जगातला सर्वांत गुणी खेळाडू लंगडत मैदानात राहिला. पिवळी-लाल कार्डं आणि बदली खेळाडू विश्वचषकात आले ते १९७० साली. तरीही मागून पाय घालणं पुढे कितीतरी वर्षं खपून जाई. नेदरलँड्सचा मार्को व्हान बास्टेन घोट्याच्या दुखण्यापायी २८व्या वर्षी, १९९३मध्ये शेवटचा सामना खेळला. दुखापत होईल असा मागून घातलेला पाय म्हणजे थेट लाल कार्ड, हे १९९८ला पक्कं झालं. लिओनेल मेस्सीने ३५व्या वर्षी, २०२२ मध्ये विश्वचषक उचलला, तेव्हा त्याच्या कसबाइतकीच मला या नियमांचीही आठवण झाली. लहान चणीच्या माणसाला आज मैदानात संरक्षण आहे.

आता चेंडूचं. आमच्या लहानपणी चामड्याचा चेंडू, आत रबरी ब्लॅडर, तोंडाशी वादी. पावसाळ्यात चामडं पाणी पिऊन फुगायचं, वर आमची काळी माती थापल्यासारखी चिकटायची. डोक्याने मारला की कपाळावर वादीचा वळ. पाय मात्र बहुतेकांचे अनवाणी. अनवाणी खेळण्याचं आपल्याकडे फार कौतुक होतं. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अनवाणी भारतीयांनी फ्रान्सला २-१ पर्यंत झुंजवलं ते खरंच कौतुकाचं. पण १९५२ला हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला, तेही त्याच श्वासात सांगायला हवं.

खेळाचा वेगही वाढला. १९९०च्या विश्वचषकात ५२ सामन्यांत जेमतेम ११५ गोल झाले. गोलरक्षकाकडे चेंडू परत द्यायचा, त्याने हातात धरून वेळ काढायचा, असा तो रटाळ काळ. सहकाऱ्याने पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही, हा १९९२चा नियम मला गेल्या पन्नास वर्षांतला सर्वांत शहाणा वाटतो. २०२२ला ६४ सामन्यांत १७२ गोल झाले. २०१०मध्ये इंग्लंडच्या लँपार्डचा चेंडू रेषेच्या चांगलाच आत पडलेला आम्हाला परभणीत बसून दिसला, मैदानावरच्या पंचांना दिसला नाही. तो अन्याय २०१४पासून गोलरेषेच्या तंत्राने आणि २०१८पासून व्हीएआरच्या व्हिडिओ तपासणीने बराच आटोक्यात आणला. गोलचा आनंद त्यामुळे कधी कधी घशात अडकतो, हे खरं.

मात्र सर्वांत मोठा फरक याहून निराळा आहे. डिसेंबर १९२०मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना पाहायला ५३ हजार माणसं आली होती. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली, ती १९७१पर्यंत. आजोबांच्या गोष्टींत एकही बाई नव्हती याचं मूळ मला तिथेही दिसतं. आणि ३० ऑक्टोबर २०२२ला, दिवाळीच्या फराळाचे डबे अजून संपायचे होते तेव्हा, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. आपल्या मुली त्या स्पर्धेत तिन्ही सामने हरल्या होत्या, तरी माझी भाची टीव्हीसमोरून हलली नाही.

सगळंच सुधारलं असं म्हणवत नाही. रोव्हर्स चषक एकविसावं शतक उजाडता उजाडता बंद पडला. १९५६मध्ये ऑलिंपिकला चौथा आलेला देश पुन्हा तिथवर पोचला नाही. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियम आहे. तिथला अनिकेत जाधव २०१७ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. आमच्याकडे तालीम म्हणजे अजून कुस्तीच. चांगला झालेला खेळ परभणीला पडद्यावर पोचला, मैदानावर पोचायचा आहे, आणि ही खंत मला आजोबांच्या खंतीपेक्षा खरी वाटते.

यंदा भाचीला बूट घेतले. संध्याकाळी खेळून आली की ती पायरीवर बसून तळाच्या स्टडमध्ये अडकलेली माती काडीने उकरते, आणि मी तिला जर्नेलसिंगची गोष्ट सांगतो. टाक्यांपाशी आलो की तिची काडी थांबते. ‘मामा, मग त्यांना बाहेर का नाही घेतलं?’