घामाची नलिका मीठ वाचवते!

उन्हातून धावत आल्यावर ओठांवर ओघळलेला घाम तुम्ही चाखला असेलच. तो खारट लागतो, पण रक्ताइतका खारट नसतो. असे का?

नरवानर गणातील लीमरला अशा घर्मग्रंथी प्रामुख्याने तळहात-तळपायांवरच असतात. चिंपँझी व माणूस यांना त्या अंगभर असतात. माणसाच्या त्वचेचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर खोलवर दोऱ्याच्या गुंडाळीसारखी ग्रंथी दिसते. तिथे पाझरणारा द्रव जवळजवळ रक्तद्रवाइतकाच खारट असतो. पुढची नलिका पेशींच्या दोन थरांची असून बाह्यत्वचेतून ती मळसूत्राप्रमाणे वळत छिद्रापर्यंत येते. वाटेत तिच्या पेशी सोडियम व क्लोराइड शोषून शरीराला परत करतात. घाम वेगाने वाहू लागला, की शोषणाला पुरेसा अवधी मिळत नाही. म्हणून तो अधिक खारट होतो.

'सिस्टिक फायब्रोसिस' या आनुवंशिक विकारात नलिकेच्या पेशींतून क्लोराइड जाऊच शकत नाही, हे पॉल क्विंटन यांनी १९८३ साली दाखवले. अशा मुलांच्या शरीरातील मीठ कडक उन्हाळ्यात धोकादायकरीत्या घटू शकते. घामातील क्लोराइड मोजूनच हा विकार ओळखतात. आता सांगा, या नलिकेला नुसती नळी म्हणाल का?